दादीचे हात

गेल्या महिन्यात या सदरात आपण मुलांच्या सुट्टीबद्दल बोललो होतो. ती सुट्टी संपली, शाळा सुरू झाल्या आणि आमच्या घरात एक नवाच प्रश्न येऊन बसला. तो पुरता सुटला असे आम्ही म्हणणार नाही. पण त्या निमित्ताने घरातल्या सगळ्यांनाच काही शिकायला मिळाले. ते वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवावे, असे वाटले.

आमची लेक आठवीत आहे. यंदा तिने एलिमेंटरी चित्रकला परीक्षेला नाव दिले. राज्याचे कला संचालनालय ही परीक्षा घेते, हे बहुतेक घरांना ठाऊक असते. तिच्यात वस्तुचित्र असते, संकल्पचित्र असते, भूमिती आणि अक्षरलेखन असते. तिथवर कुणाची काही तक्रार नव्हती. वस्तुचित्राच्या सरावासाठी दादी स्वतः टोपलीतून देठाची वांगी निवडून द्यायच्या. घोडे अडले ते स्मरणचित्रापाशी. स्मरणचित्र म्हणजे बाजार, बसस्थानक, सण असा एखादा प्रसंग आठवून काढायचा. त्यात माणसे आलीच. चित्रकलेच्या सरांनी तिचे कागद पाहिले आणि म्हणाले, "तुझी माणसे खांबासारखी उभी आहेत. रोज घरी दोन माणसे काढ. आधी घरातलीच काढ."

तिने सुरुवात दादीपासून केली. मगरीबनंतर दादी तस्बीह घेऊन खिडकीपाशी बसतात. लेक समोर वही घेऊन बसली. दादींच्या ते लक्षात आले. त्यांनी पदर पुढे ओढला आणि शांतपणे म्हणाल्या, "बेटा, माझी तस्वीर काढू नको. जानदाराची तस्वीर काढायची नसते."

लेकीने वही मिटली. आम्हा दोघांना काय बोलावे ते सुचेना. एकीकडे मुलीची परीक्षा, दुसरीकडे घरातल्या वडीलधाऱ्या बाईचा शब्द. "त्या जुन्या विचारांच्या आहेत" असे मुलीला सांगून मोकळे होणे सोपे होते. पण ते खरे नव्हते आणि बरेही नव्हते.

दादींचे म्हणणे हवेतले नाही. सहीह बुखारीत हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांच्याकडे आलेल्या एका माणसाची हकिगत आहे. हाताने चित्रे काढणे हीच त्याची रोजी होती. त्यांनी त्याला प्रेषित मुहम्मद (स.) यांचा इशारा ऐकवला आणि काढायचेच असेल तर झाडे व निर्जीव वस्तू काढ, असा मार्ग दाखवला. हजरत आयेशा (रजि.) यांच्या घरातला चित्रांचा पडदा उतरवला गेला आणि त्याच्या उशा झाल्या, हेही हदीसमध्ये आहे. आणि त्याच हजरत आयेशा (रजि.) बाहुल्यांशी खेळत असत, हेही हदीसमध्येच आहे. या सगळ्याचा विचार करून उलेमांची मते वेगवेगळी झाली. पुष्कळ उलेमा जानदाराचे हाताने काढलेले चित्र नाजायज मानतात. काही जण मूर्ती आणि कागदावरचे सपाट चित्र यांत फरक करतात. शिक्षण, वैद्यक, ओळखपत्र अशा गरजांना काही जण सूट देतात. डोके नसलेली आकृती या हुकमात येत नाही, असेही अनेक फकीहांनी म्हटले आहे.

आम्ही फतवा देणारे कोण? मोहल्ल्यातल्या इमामसाहेबांकडे गेलो. त्यांचे स्वतःचे मत दादींच्या बाजूचे आहे. चेहरा काढणे टाळलेले बरे, असे त्यांनी सांगितले. पण शाळेच्या अभ्यासापुरते दुसरे मत मानणारेही जाणते लोक आहेत, हे त्यांनी लपवले नाही. निघताना मात्र एक गोष्ट ठामपणे सांगितली : ज्या माणसाला आपले चित्र नको आहे, त्याचे चित्र चोरून काढू नका.

घरी येऊन आम्ही लेकीशी बोललो आणि काही नियम ठरले. आधी शरीराची आकृती शिकायची, चेहऱ्याविना. चेहऱ्याचा अभ्यास करायचा तो आरशात पाहून, स्वतःच्याच चेहऱ्याचा, परीक्षेच्या गरजेपुरता. विचारल्याशिवाय कुणाचेही चित्र काढायचे नाही. काढलेले चित्र भिंतीवर लावायचे नाही आणि मोबाइलवरून कुणाला पाठवायचे नाही. आरशाची गोष्ट दादींना पटली नाही. त्यांनी तसे सांगितले, आम्ही ऐकून घेतले. त्यावर भांडण झाले नाही, एवढेच.

आता थोडे शिकण्याबद्दल. साहित्य फार लागत नाही. एक एचबी आणि एक ४बी पेन्सिल, चांगला खोडरबर आणि पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा. पेन्सिलीवरचे बी हे अक्षर काळेपणाचे आणि एच हे कठीणपणाचे. ग्राफाइटच्या भुकटीत चिकणमाती कमी-जास्त मिसळून शिसे मऊ किंवा कठीण करायची युक्ती कोंते नावाच्या फ्रेंच माणसाने १७९५ मध्ये काढली. माती जास्त तर शिसे कठीण आणि रेघ फिकी. पहिली रेघ एचबीने, अगदी हलक्या हाताने. पेन्सिल लिहिताना धरतो तशी टोकापाशी आवळून धरली की रेघ आखूड आणि घट्ट येते. थोडी मागे, सैल धरली की हात खांद्यापासून फिरतो.

माणसाच्या आकृतीचे माप डोक्यात असते. हनुवटीपासून टाळूपर्यंतच्या उंचीची एक पुठ्ठ्याची पट्टी लेकीने कापली आणि अब्बांना भिंतीला टेकवून उभे केले. साडेसात पट्ट्या भरल्या. मोठ्या माणसाची उंची साधारण सात ते साडेसात डोकी असते. मग तिने चार वर्षांच्या पुतण्याला उभे केले. त्याच्यासाठी वेगळी पट्टी कापावी लागली. तो पाचाच्या आसपास भरला. तान्ह्या बाळाचे तर डोके अंगाच्या चौथ्या हिश्शाएवढे असते. मुलांच्या चित्रातली लहान मुले म्हणजे आखडलेली मोठी माणसे वाटतात, त्याचे कारण हेच. मोठ्यांचे मापच छोटे करून काढलेले असते.

आणखी काही मापे तुम्ही आता बसल्या जागी ताडून पाहू शकता. उभ्या माणसाच्या उंचीचा मध्य कमरेत नसतो, तो खाली, पाय सुरू होतात तिथे असतो. हात सोडले की बोटे मांडीच्या मध्यापर्यंत येतात. हनुवटीवर मनगट ठेवले की मधल्या बोटाचे टोक केसांच्या रेषेजवळ पोचते. म्हणजे आपला हात आपल्या चेहऱ्याएवढा असतो. शिकाऊ चित्रांत हात नेहमी लहान पडतात.

पण मापे बरोबर असूनही माणूस खांबासारखाच उभा राहतो, कारण त्याला वजन नसते. हे वजन आमच्या लेकीला सापडले ते नमाजमधून. कुणी नमाज पढत असताना त्याचे चित्र काढायचे नाही, हे आम्ही आधीच बजावले होते. म्हणून तिने आपल्याच शरीराला विचारले. तिने आधी रुकूची आकृती काढली होती ती धनुष्यासारखी वाकलेली. स्वतः उभी राहून वाकली तेव्हा कळले की पाठ वाकत नाही, ती सपाट राहते. वाकतो तो कमरेखालचा सांधा. गुडघे ताठ, हात गुडघ्यांवर. आणि वाकताना आपल्या नकळत नितंब मागे सरकतात. खरे वाटत नसेल तर टाचा आणि पाठ भिंतीला लावून वाकून पाहा. भिंत मागे सरकू देत नाही, तोल पुढे जातो. कागदावरही तसेच. गवंडी ओळंबा सोडतो तशी एक रेघ शरीराच्या वजनाच्या मध्यातून खाली सोडायची. ती पावलांवर आली तर माणूस उभा आहे, पावलांच्या बाहेर गेली तर पडतो आहे.

सजद्याचेही तसेच. कपाळ व नाक, दोन तळहात, दोन गुडघे आणि दोन्ही पायांची बोटे असे सात अवयव जमिनीला टेकतात, हे आपण लहानपणी शिकतो. चित्र काढताना ती सात ठिकाणे आधी कागदावर खुणावली की बाकीचे शरीर त्यांच्यामध्ये आपोआप बसते. पुरुषांच्या सजद्यात कोपरे जमिनीपासून वर असतात, हे तिने चित्र काढेपर्यंत कधी ध्यानात घेतले नव्हते.

यातून तिचे पहिले धड स्मरणचित्र झाले : ईदगाहवरची नमाज. सगळे पाठमोरे, एकाही माणसाचा चेहरा नाही. त्यात एक चूक होती, ती सरांनी दाखवली. मागच्या रांगेत उभे राहून आपण पाहतो तेव्हा सपाट मैदानावर जवळची आणि लांबची उभी माणसे साधारण एकाच उंचीची असतील, तर त्यांची डोकी जवळजवळ एकाच रेषेत दिसतात. लांबच्या माणसाचे फक्त पाय वर जातात. लेकीने लांबची माणसे पाखरांसारखी वर आकाशात चढवली होती. दादींनी ते चित्र हातात घेऊन पाहिले. म्हणाल्या, "रांगा सरळ आहेत." एवढेच. आम्हाला तेवढे पुष्कळ वाटले.

मग आरसा. बहुतेक सगळे शिकाऊ डोळे फार वर काढतात. पेन्सिल डोळ्यांसमोर आडवी धरून पाहा. टाळूपासून डोळ्यांपर्यंत जेवढे अंतर, तेवढेच डोळ्यांपासून हनुवटीपर्यंत. डोळे डोक्याच्या बरोबर मध्यावर असतात. आपल्याला ते पटत नाही, कारण आपण माणसाशी बोलताना डोळे, नाक, ओठ एवढेच पाहतो. कपाळ आणि डोक्याचा वरचा भाग जणू नसतोच. चेहऱ्याच्या रुंदीत साधारण पाच डोळे मावतात आणि दोन डोळ्यांमध्ये एका डोळ्याएवढी जागा असते. कान वरून भुवईच्या आणि खालून नाकाच्या रेषेत येतात. ही मापे म्हणजे नकाशा. खरा माणूस त्या नकाशापासून कुठे वेगळा आहे, ते शोधणे म्हणजे व्यक्तिचित्र. लेकीला आरशात दिसले की तिची एक भुवई दुसरीपेक्षा वर आहे. तेरा वर्षे तो चेहरा धुतला, पुसला, पण ते तिला ठाऊक नव्हते.

छाया देताना एकाच खिडकीचा उजेड ठेवावा आणि डोळे अर्धवट मिटून पाहावे. बारकावे नाहीसे होतात आणि उजेड, मध्यम, अंधार असे तीनच तुकडे उरतात. ते आधी भरायचे. बोटाने घासून छाया गुळगुळीत करायचा मोह होतो. त्याने चेहरा मळलेला दिसतो. हाताखाली कोरा कागद ठेवला की चित्र पुसट होत नाही.

लेकीला धीर यावा म्हणून आम्ही तिला तिच्याच वयाच्या एका मुलाची गोष्ट सांगितली. इराणहून आलेले चित्रकार आका रिझा यांचा मुलगा अबुल हसन मोगल दरबारी वाढला. जर्मन चित्रकार ड्यूरर याने १५११ मध्ये केलेल्या एका छापचित्रातली आकृती त्याने १६०० च्या सुमारास कुंचल्याने उतरवली. हजरत ईसा (अलै.) यांच्या एका हवारीची ती आकृती आहे. तेव्हा अबुल हसन तेरा वर्षांचा होता. ते चित्र आज ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात आहे. अंगरख्याच्या चुण्या त्याने एकेक पाहून काढल्या आहेत. पुढे जहांगीर बादशहाने त्याला नादिर-उज-जमान हा किताब दिला. त्याच दरबारात १६१८ च्या सुमारास इनायत खान नावाचा सरदार व्यसनाने आणि आजाराने हाडांचा सापळा होऊन बादशहापुढे आला. त्याची अवस्था पाहून बादशहा हादरला आणि चित्रकारांना त्याचे चित्र काढायला लावले. त्यातले एक रेखाटन अमेरिकेत बोस्टनच्या संग्रहालयात आहे. बादशहांनी केले म्हणून ते जायज ठरते, असे आम्ही म्हणत नाही. पण त्या चित्रकाराने मरणाऱ्या माणसाकडे नजर न वळवता पाहिले, हे मात्र खरे.

लेकीने ऐकून घेतले आणि दुसऱ्या दिवशी दादींना विचारले, "चेहरा नको. तुमचे हात काढू का?"

दादींनी लगेच उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवशी असरनंतर म्हणाल्या, "हाताला कुठे चेहरा असतो? काढ."

हात हा सगळ्यात अवघड भाग. सरांनी सांगितलेली रीत अशी की बोटे सुटी काढायला लागायचे नाही. आधी तळहाताचा चौकोनी ठोकळा, मग चारही बोटांचा मिळून एक आकार, मग मनगटापाशी सुरू होणारा अंगठा. बोटांची पेरे एका सरळ रेषेत नसतात, कमानीत असतात. ती कमान सापडली की हात जिवंत होतो. लेक तीन संध्याकाळी बसली. तिसऱ्या संध्याकाळी तिने चार वेळा खोडले. उजव्या हाताची कमान काही केल्या जुळेना. शेवटी वैतागून म्हणाली, "दादी, ते बोट जरा सरळ करा ना. करंगळीजवळचे."

"ते होत नाही बेटा."

"का?"

"दोन वर्षे झाली. सकाळी दुसऱ्या हाताने ओढून उघडावे लागते. कटकन वाजते."

लेक पाहत राहिली. मग तिने विचारले, "म्हणून तुम्ही तस्बीह डाव्या हाताने मोजता?"

आम्ही दोघे त्याच खोलीत होतो. कुणीच काही बोलले नाही. त्या हातांनी आम्हाला दोन वर्षे भाकरी थापून वाढली होती. तस्बीह उजव्या हातातून डाव्या हातात गेली, ती आमच्या डोळ्यांदेखत गेली. आमच्या लक्षात आले नाही. दादींनी सांगितले नाही, हे खरे. पण आम्ही विचारलेही नव्हते.

त्याच आठवड्यात दादींना डॉक्टरांकडे नेले. बोट मिटवणाऱ्या दोरीसारख्या स्नायूबंधाभोवतीचे आवरण आकसले की बोट असे अडकते. त्याला ट्रिगर फिंगर म्हणतात. उतारवयात आणि मधुमेह असलेल्यांना ते जास्त होते. विश्रांती, पट्टी, इंजेक्शन, नाहीच जमले तर लहानशी शस्त्रक्रिया असे उपाय आहेत. वेळेवर आला असता तर सोपे गेले असते, असे डॉक्टर म्हणाले. दादींची रक्तातली साखरही तपासली. उपचार चालू आहेत. भाकरी सध्या आम्ही थापतो, आणि ती दादींच्या भाकरीसारखी होत नाही हे रोज ऐकून घेतो.

चेहऱ्याच्या प्रश्नावर दादी अजून आपल्या जागी ठाम आहेत आणि आम्ही त्यांना हलवायला जात नाही. प्रत्येक घराने आपल्या आलिमांना विचारून, आपल्या वडीलधाऱ्यांशी बोलून ठरवावे. आमचे म्हणणे एवढेच आहे की हा प्रश्न मुलांवर ओरडून किंवा वडिलांना हसून मिटवू नका. दोघांशी बसून बोललात तर मधली बरीच जागा सापडते. झाडे, भांडी, पाठमोरी माणसे, हात, पाय, कपड्यांच्या चुण्या, एवढ्यावर मुलाचे वर्षभर शिकणे होऊ शकते.

आणि मुलांना चित्रकला शिकवायची नसेल, तरी एक करून पाहा. एखाद्या संध्याकाळी, परवानगी घेऊन, घरातल्या थोरल्या माणसाच्या हातांकडे पंधरा मिनिटे नीट पाहा. कागद-पेन्सिल असली तर उत्तम. चित्र वाईट आले तरी चालेल, पाहताना प्रश्न सुचले की ते विचारा. काय सापडले ते आम्हाला पत्राने जरूर कळवा. निवडक अनुभव, इन्शाअल्लाह, पुढच्या अंकांतून देऊ.

हातांचा तो कागद लेकीच्या फाइलमध्ये आहे. दादी अधूनमधून तो मागून घेतात, चष्मा लावून पाहतात आणि परत देताना म्हणतात, "अंगठा अजून जाड आहे."

सरांचेही तेच मत आहे.